तलंगांचे बिऱ्हाड

दिवस कलला की कोंबड्यांना हाकारावे लागत नाही. उकिरड्यावरची उकराउकरी थांबते, माना वर होतात आणि एकेक जण खुराड्याच्या दिशेने निघते. आत गेल्यावर जागेवरून थोडी कुरबूर होते, एखादी धाकटी टोच खाऊन खालच्या काठीवर सरकते आणि मग सगळे सामसूम. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या आहेत, तिथे या शिस्तीचे कुणाला नवल वाटत नाही. ते वाटते नवे खुराडे बांधल्यावर. बांबूची नाही, चांगली लोखंडी चौकट, वर पत्रा, पुढे जाळी, खाली भाताच्या तुसाची गादी असा थाट केलेला असतो. आणि पहिल्या संध्याकाळी सगळी फलटण जुन्या, मोडक्या, दार काढून टाकलेल्या जागेसमोर उभी! नव्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

माणूस घर ओळखतो ते भिंतींवरून, पत्त्यावरून. कोंबडीच्या लेखी घर म्हणजे अंधार पडताना ती जिथे बसलेली असते ती जागा. दिवसभर ती कुणाच्याही परड्यात हिंडेल, शेजारच्या खळ्यावर चरेल, अंडेदेखील भलत्याच्या माळ्यावर घालून येईल. पण रात्रीची जागा ठरलेली. तेव्हा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, नव्या खुराड्यात न्यायच्या तर आधी त्यांची संध्याकाळ हलवायची. अंग काय, टोपलीत घालून कुणीही हलवेल.

ही खोड रानातून आलेली आहे. आपली पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्याची वंशज. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला हा पक्षी दिवसा जमिनीवर पालापाचोळा उकरतो आणि सांजावले की झाडावर चढतो. जमिनीवर रात्र काढणारा पक्षी कोल्हा, रानमांजर, मुंगूस यांच्या तोंडी जायला कितीसा वेळ? सह्याद्रीत पहाटे ज्याची तुटक, कर्कश बांग ऐकू येते तो करडा रानकोंबडा या घराण्यातला चुलता. त्याचेही थोडे देणे पाळीव कोंबडीत उतरले आहे. कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते करड्या रानकोंबड्याकडून आलेले दिसते, असे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिले. म्हणजे जगभरच्या पोल्ट्र्यांतली पिवळ्या पायांची कोंबडी थोडीफार दख्खनच्या माहेरची.

झाडावर चढायचे ते दिसते आहे तोवरच, कारण कोंबडीचा डोळा उजेडासाठी घडलेला. रंग ती आपल्यापेक्षा जास्त पाहते. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही तिला दिसतात. मंद उजेडात मात्र हाच डोळा दगा देतो. तिन्हीसांजेनंतर तिला जवळचेही धड दिसत नाही. ज्या पक्ष्याला दुपारी धरायला तिघे जण आणि एक कुत्रा लागतो, तोच पक्षी रात्री काठीवरून पिकल्या आंब्यासारखा हातात येतो.

शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीवर, जिथे घराच्या पाठीमागे परडे संपते आणि डोंगर सुरू होतो, तिथे एका घरात असेच एक बिऱ्हाड हलायचे होते. पिल्ले दिवाळीच्या आधी आणलेली. कोल्हापूरला पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, पुण्याजवळ खडकीला आहे तसेच. अशा केंद्रांतून आणि खासगी हॅचऱ्यांमधून सुधारित जातींची एक दिवसाची पिल्ले गावोगाव जातात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज ही नावे आता बचत गटांच्या बैठकीत बियाण्यांच्या वाणांइतकी सहज घेतली जातात. या घरातली सून गटाची सचिव. पिल्ले तिची, हिशोब तिचा. सासूबाईंचा अनुभव मात्र सगळा खुडूक कोंबडीच्या पोटाखाली वाढलेला.

पडवीच्या कोपऱ्यात पत्र्याचे गोल कडे करून, वर बल्ब सोडून पिल्ले वाढवली होती. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. थर्मामीटर नसला तरी चालते, कारण पिल्लेच सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट चालला की थंडी वाजतेय. कड्याला चिकटून चोची उघड्या ठेवल्या की उकडतेय. आणि साऱ्या कड्यात विखरून कुणी खातेय, कुणी पाय पसरून झोपलेय, असे दिसले की बाईने निवांत चहा घ्यावा. पाच-सहा आठवड्यांत लव गळून पिसे भरतात. मग बल्ब नको होतो आणि कडेही अपुरे पडते. तुसाची धूळ स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागते. दोन महिन्यांच्या पोरसवदा कोंबड्या पडवीत ठेवणे हे पिल्लांना नव्हे, घरातल्या माणसांना असह्य होते. बहुतेक स्थलांतरांचे खरे कारण हेच असते.

महिना मार्गशीर्ष. गुरुवार पाळणारे घर असल्यामुळे कोंबडीला निदान महिनाभर अभय होते.

“आत्या, उद्या सकाळच्या पारी हलवूया का? उजेडात बरं पडंल,” सून म्हणाली.

“सकाळी धरायला गेलीस तर गावभर पळीवत्यात तुला. दिवा लागल्यावर बघू. रातच्याला कोंबडं आंधळं असतंय.”

पोल्ट्रीची पुस्तकेही हेच सांगतात, फक्त त्यांना जास्त पाने लागतात. रात्री पक्षी शांत असतो, धडपडत नाही, पंख मोडून घेत नाही. आणि मुख्य म्हणजे तो जिथे डोळे मिटतो तिथेच सकाळी उघडतो, त्यामुळे नव्या जागेत पहिली रात्र आपोआप जमा होते.

पडवीतला दिवा घालवला. सूनबाईंनी मोबाइलच्या बॅटरीवर लाल कागद धरला आणि सासूबाई एकेक तलंग उचलू लागल्या. त्यांचे उचलणे बघण्यासारखे होते. बाजारात कोंबडी पायांना धरून उलटी लटकवतात, तशी नव्हे. एक तळवा छातीखाली, बोटांच्या बेचक्यात दोन्ही पाय, दुसरा हात पंखांवर अलगद. दाबायचे नाही. पक्ष्याला माणसासारखे श्वासपटल नसते. श्वास घ्यायचा तर छातीचे हाड खालीवर व्हावे लागते, आणि घाबरून घट्ट आवळून धरले तर पिसांवर खूण न उमटता पक्षी गुदमरतो. सासूबाईंना श्वासपटलाचे ठाऊक असायचे कारण नाही. “फुलागत धर, गळा धरल्यागत न्हाई,” एवढेच त्या म्हणाल्या. डालग्यात तळाला गोणपाट, थोड्याथोड्या तलंगा आत, वर जुने लुगडे. परड्यातून नव्या खुराड्यापर्यंत काही फेऱ्या झाल्या. आत नेल्यावर त्यांना जमिनीवर न सोडता बांबूवर बसवायचे, असे ठरले होते. बऱ्याच जणी बसल्या. बाकीच्यांनी बांबू कधी पाहिलाच नव्हता. त्या थोडा वेळ डुगडुगल्या आणि धप्पदिशी खाली आल्या.

नव्या खुराड्यात खरा धोका इथे असतो. मुंगूस-घारीची भीती सगळ्यांना असते, जाळी त्यासाठीच मारलेली असते. पण पहिल्या काही रात्री कोवळे पक्षी मरतात ते बहुधा एकमेकांखाली. अनोळखी जागा, अंधार, ऊब देणारा बल्ब नाही. मग जो तो अंग घासत कोपऱ्यात शिरतो, मागचा पुढच्याच्या पाठीवर चढतो, आणि ढिगाच्या तळाशी असलेल्यांना हवा मिळत नाही. कोंबडी थंडीने मरत नाही तिथे कोपऱ्याने मरते. म्हणूनच पडवीतले कडे गोल होते. चौकोनी खुराड्याचे कोपरे पहिले काही दिवस पुठ्ठ्याने नाहीतर पत्र्याच्या पट्टीने वळवून बुजवतात. एखादा मंद दिवा रात्रभर ठेवतात, म्हणजे पक्ष्यांना काठी दिसते आणि भेदरून एकीकडे धावणे टळते. इथे पुठ्ठे तीनच कोपऱ्यांना पुरले होते. जेवणे आटोपून सून पाहायला गेली, तेव्हा चौथ्या कोपऱ्यात पिसांचा ढीग साचला होता. तिने एकेक उपसून पुन्हा बांबूवर ठेवली. सगळ्या धडधाकट निघाल्या. कोपऱ्यात मग रिकामे घमेले उपडे पडले, आणि त्या रात्री पुन्हा दोनदा खुराड्याचे दार वाजले.

खुराडे सुनेच्या नवऱ्याने बांधले होते आणि चांगले बांधले होते. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे उन्हाची तिरीप थेट आत शिरत नाही. जाळी अर्ध्या इंचाची. बाजारात कोंबडी जाळी म्हणून जी षट्‌कोनी भोकांची मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवीलच असे नाही. त्याला डोके घालायला जागा मिळाली की अंग मागोमाग येते. एका गोष्टीवरून मात्र मायलेकांचे वाजले. जुन्या खुराड्याच्या काठ्या चांगल्या शाबूत होत्या, त्या नव्यात वापराव्यात असे आईचे म्हणणे. मुलाने त्या चुलीत घातल्या. इथे मुलगा बरोबर होता. कोंबड्यांचे गोचीड आणि लाल किडे दिवसा लाकडाच्या चिरांत दडी मारतात आणि रात्री बाहेर पडून झोपलेल्या पक्ष्याचे रक्त पितात. त्यामुळे कोंबडीच्या अंगावर दिवसा शोधूनही काही सापडत नाही. ती नुसती निस्तेज दिसत राहते. जुन्या काठ्यांबरोबर जुने भाडेकरूही नव्या घरात येतात. बांबू नवा घ्यावा आणि भिंतींना चुना मारावा, हे स्वस्तात पडते.

त्याच सुमारास राणीखेतच्या दुसऱ्या लसीची वेळ आली होती. गावात या रोगाला मानमोडी म्हणतात, कारण वाचलेला पक्षी मान पिळवटून फिरतो. कुमाऊंमधल्या राणीखेत गावाचे नाव त्याला विसाव्या शतकाच्या विशीत चिकटले आणि भारतात तेच रूढ झाले. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा ही लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात, आणि आठवड्यांचा आकडा आठच्या पुढे गेला की आर-टू-बी ही लस टोचतात. आता पक्षी हातात आलाच आहे तर त्याच रात्री सुई का टोचू नये, असा हिशोब बरेच जण करतात. सोयीचा आहे, शहाणपणाचा नाही. जागा बदलली की पक्षी दोन-चार दिवस कमी खातो, कमी पितो. त्यात लसीचा ताण वाढवला तर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायची ती नीट होत नाही. एक आठवडा आधी किंवा एक आठवडा नंतर, एवढे अंतर ठेवले तरी पुरे. या घराने ते ठेवले, कारण लस टोचणारा गडी दौऱ्यावर होता. पुष्कळदा शास्त्र असे नशिबाने पाळले जाते.

नव्या पक्ष्यांना जुन्या कळपापासून काही आठवडे वेगळे ठेवावे, हा नियम अनेकांना पुस्तकी वाटतो. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या पुराव्या लागल्या, तेव्हापासून तिथल्या पोल्ट्रीवाल्यांना तो पुस्तकी वाटत नसावा. परसातल्या दहा-वीस कोंबड्यांना एवढे मोठे संकट रोज येत नाही. पण म्हाताऱ्या कोंबड्या स्वतः ठणठणीत राहून पोटात रक्ती हगवणीचे जंतू बाळगू शकतात, आणि त्यांच्या विष्ठेवर पाय देणाऱ्या तलंगेला ते पुरतात.

नव्या खुराड्यात मधोमध जाळीचा पडदा होता. पलीकडे घरच्या जुन्या कोंबड्या, अलीकडे तलंगा. एकमेकींना दिसायचे, चोच लागायची नाही. असा पडदा का लागतो, ते नॉर्वेच्या थॉर्लिफ श्येल्डेरुप-एब्बेने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. हा गृहस्थ लहानपणापासून कोंबड्यांच्या मागे वही घेऊन बसायचा आणि कोण कोणाला टोचते याच्या नोंदी ठेवायचा. 1922 मध्ये त्याने जर्मनमध्ये निबंध प्रसिद्ध केला: प्रत्येक कळपात टोचण्याची उतरंड असते, सर्वांत वरची कुणालाही टोचते, सर्वांत खालची सगळ्यांच्या टोची खाते. गंमत अशी, की ही उतरंड नेहमी सरळ नसते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी बिनदिक्कत पहिलीला, असे त्रिकोणही त्याला सापडले. ज्या घरात तीन जावा एकत्र नांदतात तिथे हा शोध कुणी जर्मनमधून समजावून सांगायची गरज नाही.

तलंगांची आपसातली उतरंड दोन महिन्यांच्या सुमारास पक्की होऊ लागते. नेमक्या त्याच वयात त्यांना पुऱ्या वाढलेल्या कोंबड्यांत सोडले, तर प्रत्येकीला प्रत्येकीशी नव्याने भांडावे लागते आणि वजनाने निम्म्या असलेल्या तलंगा सगळ्या लढाया हरतात. रक्त दिसले की प्रकरण हाताबाहेर जाते. लाल डागावर सारा कळप टोची मारतो. पडद्याआड पंधरवडा-तीन आठवडे काढले की तोंडओळख झालेली असते. मग पडदा काढायचा, तोही रात्री, आणि दाण्याची-पाण्याची भांडी दोन ठिकाणी मांडायची, म्हणजे एकीकडून हाकललेलीला दुसरीकडे पोट भरता येते. खाद्याचीही अडचण असते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असते, वाढत्या तलंगेला टक्काभर पुरे. जास्तीचे तिला पचत नाही, मूत्रपिंडावर बसते. एकाच ताटात सासू-सुना जेवल्या तरी हरकत नाही. कोंबड्यांनी जेवू नये.

आठवडाभर दार बंद राहिले. कण्या, खाद्य, गुळाचे पाणी, पाला, सगळे आत. शेजारणी येऊन हळहळल्या. मोकळ्या परड्याच्या वाडीवर कोंबडी कोंडून ठेवणे म्हणजे पोरीला सासरी उंबऱ्याबाहेर न सोडण्यासारखे दिसते खरे. पण याच दिवसांत संध्याकाळ जुनी जागा सोडून नवी धरते. दार उघडायचे तेही सकाळी नाही. दिवस मावळायला तासभर असताना, खाद्य थोडे आखडते ठेवून, भुकेल्या पोटी सोडायचे. फार लांब जायला वेळ मिळत नाही, आणि ताटलीत कण्या वाजल्या की परतायला कारण असते.

पहिल्या दिवशी बहुतेक जणी परतल्या. दोघी सरळ पडवीत गेल्या आणि कडे असायचे त्या जागी, आता तिथे बांधलेल्या शेळीच्या पायांशी, बसून राहिल्या. तिसरी लाकडांच्या ढिगावरून उडी मारून पेरूच्या फांदीवर चढली. हिला कुणी बांबू शिकवला नव्हता, बल्बखाली मोठी झालेली, आईचे तोंड पाहिलेले नाही. तरी अंधार पडू लागताच पाय वर वळले. सासूबाईंनी दोघींना काखेत मारले. पेरूवरची उतरवायला नातू चढला आणि सदरा फाडून घेऊन आला.

मोठ्या पोल्ट्रीत हा सगळा व्याप नसतो. तिथे अंड्यावरची तलंग साधारण सोळाव्या आठवड्याला, पहिले अंडे पडायच्या आत, वाढीच्या शेडमधून पिंजऱ्यांच्या शेडमध्ये नेतात. रात्रीच्या गारव्यात माणसांच्या टोळ्या येतात, क्रेट भरतात आणि उजाडेपर्यंत हजारो पक्षी इकडचे तिकडे होतात. अंडी सुरू झाल्यावर हलवले तर उत्पादन घसरते, म्हणून वेळ काटेकोर पाळतात. कामाची सफाई वाखाणण्यासारखी असते. पण नव्या घराची सवय लागली की नाही हे कुणाला तपासावे लागत नाही, कारण दार पुन्हा उघडणार नसते. युरोपीय संघाने 2012 च्या पहिल्या दिवसापासून असे साधे पिंजरे बंद केले. बरीच अंडी मग मजल्या-मजल्यांच्या मोकळ्या शेडमधून येऊ लागली, आणि तिथल्या पोल्ट्रीवाल्यांपुढे आपल्या वाडीवरचाच प्रश्न उभा राहिला: या पक्ष्यांना वर चढायला शिकवायचे कसे?

याचे एक उत्तर स्वीडनच्या स्टेफान गुन्नारसन आणि सहकाऱ्यांनी आधीच देऊन ठेवले होते. पिल्ले चार आठवड्यांची व्हायच्या आत काठीवर बसायला शिकली, तर पुढे जमिनीवर अंडी टाकण्याचे आणि एकमेकींचे गुदद्वार टोचून काढण्याचे प्रमाण कमी राहते, असे त्यांना 1999 मध्ये आढळले. पुढच्या वर्षी त्यांनी दोन गट केले, एक काठ्यांसह वाढवलेला, एक काठ्यांविना, आणि उंचावर ठेवलेल्या खाद्यापर्यंत कोण पोचते ते पाहिले. उंची वाढत गेली तशा बिनकाठीच्या तलंगा मागे पडल्या. पायांत बळ नव्हते म्हणावे, तर तसेही दिसले नाही. जागेचा, उंचीचा अंदाजच त्यांना नीट बांधता येत नव्हता.

सुनेच्या कानावर हा अभ्यास यायचा काही संबंध नव्हता. कोपऱ्यातला ढीग तिने स्वतःच्या हाताने उपसला होता, तेवढे तिला पुरले. संक्रांतीनंतर पुढची पिल्ले आली, तेव्हा पडवीतल्या कड्यात तिने दुसऱ्याच आठवड्यात वीतभर उंचीवर एक कळकाची काठी आडवी बांधली.

“एवढ्याशा पिल्लास्नी माडी कशाला गं?” सासूबाईंनी विचारले.

“चढू देत की आत्या. मग रातचं उठून म्या उपसायला नको.”

सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी काठी दोन बोटे खाली घेतली आणि सुतळीची गाठ पुन्हा आवळली.